उघडा गल्ला

बायडामामींनी भिजवून दिलेला कणकेचा गोळा पृथ्वीराजनं पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला आणि अंगठ्यानं दाबत कडेपर्यंत पसरवला. एक थाप मारून बघितली. आवाज अजून कोरडा होता. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून त्यानं कणीक आणखी थोडी ओली केली आणि पुन्हा थाप मारली. या खेपेला आवाज फरशीच्या पोटात उतरला आणि हळूच परत आला.

“आता बोलला,” दाराशी उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या. एवढं ऐकायलाच त्या थांबल्या होत्या. मग पदराला हात पुसत आत गेल्या. आत गल्लीभरच्या माणसांचा स्वयंपाक रटरटत होता.

शिवाजी पेठेतल्या त्या तिमजली घरात दर वर्षी या तिथीला कीर्तन असे. घर उदयसिंहांचं. एरवी त्याला कुलूपच असायचं, कारण ते आणि बायडामामी लेस्टरला राहत. तिथं त्यांचं दुकान होतं. आईच्या पुण्यतिथीला मात्र दोघं न चुकता येत, आणि कागलकडचे गुंडूबुवा कीर्तनाला उभे राहत. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कीर्तनात पृथ्वीराज पखवाजाला बसला होता आणि समोर बायकांच्या बाजूला उदयसिंहांची पुतणी निशिगंधा होती. लेस्टरमध्ये जन्मलेली, वाढलेली ती पोरगी टाळ्या वाजवताना ठेका सोडत नव्हती. बुवांनी लय वाढवली तशी तीही वाढली. पुढचं सगळं त्याच मुक्कामात जमलं. पृथ्वीराज या घरचा जावई झाला, आणि बायको विमानात बसून परत गेली.

जिन्यावर पावलं वाजली. उदयसिंह एरवी वरूनच हाका मारत उतरायचे. आज गप्प होते आणि गालातल्या गालात हसत होते. हातात पिवळा लिफाफा होता.

“जावयबापू, धरा. तुमचं इंग्लंड.”

पृथ्वीराजनं दोन्ही हात वर करून दाखवले. बोटांना कणीक चिकटली होती. उदयसिंहांनी लिफाफ्याची घडी घातली आणि स्वतःच त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. वरून थोपटलंही.

“काय हाय यात, मामा?”

“निशीचा पगार. मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि माझ्या सहीचं पत्र. तिकडं आपला एक पोरगा हाय, त्यानं कॉम्प्युटरवर सगळं बसवून पाठवलं. काल राजारामपुरीत प्रिंटा काढल्या.”

“पण बँकेत तर काहीच…”

“रोखीनं देतो म्हणायचं. दुकानदारी हाय ती. कोण इचारतंय?”

आणि बुवांची गाडी आली का ते बघायला ते बाहेर गेले.

कोण विचारतं, काय विचारतं, हे पृथ्वीराजला एव्हाना पाठ झालं होतं. नवऱ्याला तिकडं न्यायचं तर बायकोनं तिथल्या सरकारला आपलं उत्पन्न दाखवावं लागतं. वर्षाला एकोणतीस हजार पौंड. निदान सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. आणि पावत्यांवरची रक्कम तिच्या खात्यात पडलेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनपुढं उभा राहून पृथ्वीराज जे कमवायचा, ते त्यात धरत नसत. खोटा कागद सापडला तर दहा वर्षं दार बंद. तिथल्या वकीलबाईंनी हे निशिगंधाला सांगितलं होतं आणि तिनं त्याला.

आणि निशिगंधाला पगार नव्हता. कमी होता असं नाही, नव्हताच. तिचे आईवडील ती लहान असतानाच एकापाठोपाठ गेले. उदयसिंहांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पुतणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ती त्यांना तात्या म्हणायची, मामींना काकी. शाळा सुटल्यावर ती दुकानात उभी राहायची, शिक्षण संपल्यावर उभीच राहिली. पुढं काउंटर, मागं भटारखाना. तिथं बायडामामी कोल्हापुरी चटणी करायच्या आणि ती पार स्कॉटलंडपर्यंत पोस्टानं जायची. पार्सलं, हिशेब, कर, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं निशिगंधा बघायची. आता उदयसिंह आणि मामी महिनाभर कोल्हापुरात निवांत होते, ते ती तिथं एकटी दुकान ओढत होती म्हणून.

दुकानातल्या गल्ल्याला कुलूप नव्हतं. याचा उदयसिंहांना फार अभिमान होता. ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यावं, कुणी कुणाला विचारायचं नाही. घर म्हणतात ते याला. मागच्या महिन्यात पृथ्वीराजनं फोनवर भीतभीत पगाराचा विषय काढला होता, तेव्हा ते आधी हसले होते आणि मग गंभीर झाले होते. लेकीला पगार लावला तर लोक तोंडावर थुंकतील, असं म्हणाले होते. कागदाचं मात्र बघतो म्हणाले होते. ते त्यांनी बघितलं होतं.

परसातल्या नळावर त्यानं हात धुतले आणि लिफाफा उघडला. स्लिपा देखण्या होत्या. तिचं नाव, महिना, पगार, कापलेला कर. त्या नावापुढचा आकडा त्यानं पुन्हा पुन्हा वाचला आणि लाज वाटावी इतकं त्याला बरं वाटलं. उद्या अर्ज भरला तर आंब्याच्या दिवसांत तो तिच्याजवळ असेल. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. त्यातले एकत्र घालवलेले दिवस म्हणजे दोन सुट्ट्या. त्यातही पाहुणेरावळे आणि देवदर्शनं. शिवाय रकमेची अट पुन्हा वाढणार, असं जो तो म्हणत होता.

त्यानं फोन लावला. लेस्टरला सकाळ होती.

“अवो, बोला की. शटर उघडतेय.”

तिचं मराठी ऐकून त्याचे मित्र हसायचे. तिला ते मामींनी शिकवलं होतं, आणि मामींनी कोल्हापूर सोडलं तेव्हाचं होतं. इथल्या पोरी नवऱ्याला नावानं हाक मारत होत्या. लेस्टरची निशिगंधा ‘अवो’ म्हणत होती.

त्यानं लिफाफ्याचं सांगितलं. पलीकडं शटरचा खडखडाट अर्ध्यात थांबला.

“तुमी बघितल्या त्या?”

“बघितल्या. खऱ्यासारख्या हायत.”

शटर काही पुढं सरकलं नाही. मग त्यालाच बोलावं लागलं. अट वाढायच्या आत अर्ज गेलेला बरा, रोख पगार देणारे तिकडंही असतीलच, मामांची सही आहे, असं तो बोलत राहिला. बोलता बोलता आपण कुणाला तरी दुकानात माल खपवतोय असं त्याला वाटायला लागलं आणि तो थांबला.

“ती व्हिसावाली मला इचारतील,” निशिगंधा म्हणाली. “कधीपासनं मिळतोय, कुणाच्या हातनं मिळतोय. मी काय सांगू?”

“मामा म्हणतात तसं.”

“काम मी खरं करते नव्हं? मग पगारच तेवढा खोटा का?”

तिनं शटर पुरतं वर ढकललं, दिवे लावले असावेत, आणि मग हळू आवाजात तिनं जे सांगितलं ते पृथ्वीराजला ठाऊक नव्हतं. औषधांच्या एका गोदामात तिला जागा मिळत होती. पगार अटीत बसत होता. सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. तिला जायचं नव्हतं. ती गेली तर दुकान वर्षभरही टिकणार नाही, तात्या कोलमडतील आणि काकी त्या भटारखान्यात एकटी पडेल, हे तिला कळत होतं. पण सोमवारी ती होय म्हणणार होती, तात्यांनी खरा पगार चालू केला नाही तर.

“तूच बोल की त्यांच्याशी.”

“मी बोलले तर पोरगी उलटली म्हणतील. तुमी बोललासा तर नुसता जावई वाईट ठरंल.”

एवढ्यातही तिला हसू आलं. त्यालाही आलं असतं, पण बाहेर बुवांची गाडी लागली होती.

गुंडूबुवा कीर्तनाला उभे राहिले की खोलीतली हवा बदलायची. सत्तरी ओलांडलेला किडकिडीत माणूस, आवाज मात्र ओल्या जमिनीसारखा. पडेल ते बी उगवून येईल असा. त्यांनी डोळे मिटून नाम घेतलं, मागच्या टाळकऱ्यांनी उचललं, विणेकऱ्याची मान डोलू लागली, आणि पृथ्वीराजच्या हातांनी आपलं काम आपण सुरू केलं. ही वेळ त्याला जगातल्या कुठल्याही वेळेपेक्षा प्यारी होती. कारखान्यातली रात्रपाळी, फोनवरची बायको, दुखणारी पाठ, सगळं टाळांच्या एका गजरात विरघळून जायचं. आज ते विरघळत नव्हतं. हात हलला की खिशातला लिफाफा छातीवर कुरकुरायचा.

बुवा आईवर बोलत होते. पुण्यतिथी आईची, तेव्हा निरूपणही आईचं. पंगतीत सगळ्यांत शेवटी कोण बसतं, असं त्यांनी विचारलं. लोक हसले. सगळ्यांचं झाल्यावर आई बसते, बुवा म्हणाले. तिच्या ताटात काय उरलंय ते बघायला मात्र कुणी थांबत नाही, कारण आपलं पोट भरलेलं असतं आणि भरल्या पोटी माणसाला झोप येते. पुन्हा हसू. मग बुवांचा आवाज खाली आला आणि त्याच सुरात, काहीच न बदलता, ते हसू कधी रडू झालं ते कुणाला कळलं नाही. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले उदयसिंह लहान मुलासारखे रडत होते. डोळे पुसत नव्हते. त्या रडण्यात खोट नव्हती, हे पृथ्वीराजला बसल्या जागेवरून दिसत होतं आणि नेमकं तेच अडचणीचं होतं. वाईट माणसाशी बोलणं सोपं असतं. स्वयंपाकघराच्या दारात मामी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आत कुकरची शिट्टी झाली, तशा त्या वळल्या आणि गेल्या.

पृथ्वीराजचा ठेका चुकला. समेच्या आधीच हात पडला. बुवांनी डोळे न उघडता शब्द लांबवला, त्याला परत यायला जागा करून दिली, आणि पुढं निघाले.

आरती झाली. उदयसिंहांनी बुवांना शाल पांघरली, नारळ दिला, बिदागीचं पाकीट दोन्ही हातांनी पुढं केलं आणि वाकून त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. विणेकऱ्याला दिलं, टाळकऱ्यांना दिलं, प्रत्येकाला वाकून. पखवाजाशी आले तेव्हा हातात फक्त बुक्का होता. तो त्यांनी पृथ्वीराजच्या कपाळाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यो आमचा घरचा. घरच्याला कसली बिदागी?”

सगळे हसले. पृथ्वीराजही हसला. इतर कुठल्या दिवशी त्याला त्यात मानच वाटला असता.

पंगती उठल्या, बुवांची गाडी गेली, गल्लीतल्या बायका आपापली भांडी घेऊन गेल्या. उन्हं अजून समोरच्या तालमीच्या भिंतीवर होती. उदयसिंह खुर्ची ओढून गल्लीकडच्या दाराशी बसले. मामी सतरंजीवर विखुरलेली फुलं गोळा करत होत्या. पृथ्वीराजनं पखवाज गवसणीत घातला, दोरी आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. मग उठला आणि लिफाफा उदयसिंहांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला.

“मामा, हे चालायचं न्हाय.”

“का? काय चुकलंय काय छापताना?”

“छापलंय बरोबर. पण तसं झालेलं न्हाय.”

उदयसिंहांनी त्याच्याकडं बघितलं. मग लिफाफ्याकडं. गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल चालू होईना. किका ऐकू येत राहिल्या.

मी काय कमी केलं तिला, असं त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. पोरगी तापानं फणफणली तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं. शिक्षणाला कुणी घातलं. लग्नात अख्खी पेठ कुणी जेवू घातली. प्रत्येक प्रश्नाला पृथ्वीराज “व्हय मामा” म्हणत गेला, कारण प्रत्येक गोष्ट खरी होती.

“मग? लोकं परक्यासाठी करत न्हाईत ते मी केलं. आता तुझ्यासाठी खोट्या कागदावर सहीबी केली. या वयात. अजून काय करू?”

“खोटं करू नका, मामा. खरा पगार चालू करा. सहा महिनं मी थांबतो. वरीस लागलं तरी थांबतो.”

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. आंब्याचे दिवस गेले.

“घरच्या लेकीला नोकर करू?”

“नोकर न्हाय.”

“मग काय? पगार घेणारा माणूस महिनाअखेरीला मोकळा असतोय. पटलं तर राहिला, न्हायतर गेला. घरचं माणूस जात न्हाय.” शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज खाली बसला. ते गल्लीकडं बघू लागले. “तू तिकडं आलास की निराळं बिऱ्हाड करणार तुमी. मला काय कळत न्हाय?”

इथं नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित सगळंच सोपं झालं असतं. पण निशिगंधानं पाठवलेले दोन खोल्यांचे फोटो पृथ्वीराजच्या फोनमध्ये होते, आणि आजच्या दिवसाला एवढं खोटं पुरे झालं होतं.

“व्हय मामा, करणार. जवळच करू. पण करणार.”

उदयसिंहांचा चेहरा हलला नाही. मग पृथ्वीराजनं राहिलेलंही सांगून टाकलं. गोदामातली जागा, सोमवार, आणि तिला जायचं नाही हेही.

“म्हणजे धमकी.”

“न्हाय. निरोप.”

“जाऊ दे तिला.” उदयसिंह उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. “जाऊ दे की. तिच्यासाठी गल्ला उघडा ठेवला मी. कुलूप लावलं न्हाय. किती घेतलंस म्हणून एका शब्दानं इचारलं न्हाय. असा मालक दाव मला, लेस्टरात न्हायतर कोल्हापुरात.”

“बसच्या भाड्याला पैसं घेती, ते मला तळहातावर दावून घेती,” मामी म्हणाल्या.

दोघांनीही वळून बघितलं. मामींची मान वर झाली नव्हती. त्या सतरंजीच्या कडेची झेंडूची पाकळी नखानं सोडवत होत्या.

“कोण?”

“निशी. शाळेत होती तवापासनं. आजून. हात उघडा करती, म्हणती काकी, एवढं घेतलं.”

“कशाला? मी कधी काय बोललोय तिला?”

“तुमी कशाला बोलाय पायजे? कुणीच बोलत न्हाय. पण उघड्या गल्ल्यात हात घातला की आपलाच हात चोराचा दिसतोय.”

“तुला काय म्हाईत त्यातलं?”

तो प्रश्न त्यांनी सवयीनं विचारला होता. उत्तर येईल असं त्यांना वाटलेलं दिसत नव्हतं. मामींनी पाकळी ओंजळीत टाकली.

“मीबी दावूनच घ्यायची. पयल्या पयल्यांदा. तुमी म्हणायचासा, दावतीस काय, घे की.” त्या जराशा हसल्यासारख्या झाल्या. “तवापासनं घेतलंच न्हाय.”

मोटारसायकल एकदाची चालू झाली आणि लांब गेली. उदयसिंह खुर्चीत बसले. इतकी वर्षं दुकानातून घरी जाताना बायकोच्या हातात काय असायचं, ते आठवायचा प्रयत्न करत असावेत, असा त्यांचा चेहरा झाला होता. पृथ्वीराजला तिथून निघून जावंसं वाटलं. जाता आलं नाही.

“जावयबापू,” मामींनी विचारलं, “कायद्यात किती बसतो म्हणलासा पगार?”

त्यानं आकडा सांगितला.

“एका माणसाचा?”

“एका माणसाचा.”

“हं.” त्या पुढं सरकल्या, आणखी थोडी फुलं उचलली. “चटणी करणाऱ्या बाईला मग कमी आसंल.”

हे त्यांनी भाजीवालीला दर विचारावा तसं विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात, रागही नव्हता. उदयसिंहांनी स्टुलावरचा लिफाफा उचलला, त्यातलं पत्र बाहेर काढलं आणि आपल्याच सहीकडं बराच वेळ बघत राहिले. मग पत्र मधोमध फाडलं. पावत्याही फाडल्या. घाई केली नाही. तुकडे खिशात ठेवले आणि पृथ्वीराजपुढं हात पसरला.

“लाव फोन.”

त्यानं लावून दिला. दुकानातली घंटा, कुणाचं तरी गुजराती बोलणं, मग निशिगंधाचा आवाज. फोन अजून पृथ्वीराजच्या हातातच होता, तरी सगळं ऐकू येत होतं. उदयसिंहांनी तो कानाला लावला.

“निशे, जेवलीस का?”

ती जेवली होती. त्यांनी गर्दी आहे का विचारलं, चटणीचे डबे संपत आले का विचारलं, थंडी किती आहे तेही विचारलं. तिनं सगळं सांगितलं. उदयसिंहांनी घसा साफ केला.

“ह्या महिन्यापासनं तुझा पगार धर. बँकेत टाकायचा, खराखुरा. कर-बिर काय असंल ते कापून. मला त्यातलं येत न्हाय, तूच बसव.”

पलीकडून आलेला आवाज बारीक होता.

“किती धरू, तात्या?”

“कायद्यात बसंल तेवढा.” ते थांबले. “वर थोडा जास्तच धर. जावयबापूस्नी यायला अडचण नको.”

पृथ्वीराजनं भिंतीला पाठ टेकली. सहा महिने. निदान सहा महिने, आणि मग अर्ज, आणि मग वाट बघणं. तरी छातीवर आता काही कुरकुरत नव्हतं. फोनमध्ये निशिगंधा रडत होती की हसत होती ते कळायला मार्ग नव्हता. ती तात्यांना काही तरी भराभर सांगत होती, सोमवारी गोदामवाल्यांना काय कळवायचं ते, आणि ते हूं हूं करत होते.

मामी फुलांची ओंजळ सांभाळत उठल्या. त्याच्याजवळ येऊन थांबल्या. खोली लहान नव्हती, पण इतकी शांत होती की हळू बोललेलंही या टोकाचं त्या टोकाला जात होतं.

“जावयबापू, बँकेत खातं काढायला काय काय लागतंय?”

“कुणाचं, मामी?”

“माझं.”

पृथ्वीराजनं उदयसिंहांकडं बघितलं. फोन त्यांच्या कानालाच होता, पण हुंकार थांबले होते. डोळे मामींवर होते.

“तात्या?” पलीकडून निशिगंधा विचारत होती. “तात्या, ऐकताय नव्हं?”